हातचा

म्झुझूत वीज सातला गेली ती गेलीच.
मेणबत्तीच्या उजेडात मी एक प्रश्न रचतेय
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींसाठी:
तीन पानं, आठ खुर्च्या, एक फळा.

पहिला खर्डा भरगच्च झाला.
वय, वजन, रक्तदाब, लघवीतलं प्रथिन,
वर ठळक शीर्षक: 'प्रसूतीनंतरचे झटके'.
वाचलं आणि हसू आलं.
हा प्रश्न कुठला, हे तर उत्तरच,
शेपटीला प्रश्नचिन्ह बांधलेलं.

मग खोडत गेले.
शीर्षक गेलं. प्रथिन गेलं.
रक्तदाबापाशी हात अडला.
तो ढकलला दुसऱ्या पानावर,
आणि तेही द्यायचं त्यांनी मागितलं तरच.
बेरजेत हातचा राखतात, तसं.

उरलं ते एवढंच:
न्यागोंद्वे, बाळंत होऊन पाच दिवस.
न्खाता बे, सरोवराकाठचं आरोग्य केंद्र, संध्याकाळ.
म्हणते, डोकं फुटतंय,
आणि डोळ्यांपुढे उसिपा चमकतायत,
फळ्यांवर वाळत घातलेले ते चिमुकले मासे,
रुपेरी, ढीगभर.

खुंबो म्हणाला, मासे काढून टाक.
मासे वाळवणारीच बाई ती,
पोरं म्हणतील ऊन लागलं, आणि फसतील.
मी म्हटलं, मेख तिथेच आहे.
त्याला हे नाही सांगितलं
की ते वाक्य मी रचलेलं नाही.

मंगळवारी ते बसले.
नियम असा की शिकवणारीने शिकवायचं नाही.
मिठाची गुळणी धरून मी खिडकीपाशी,
आणि ते निघाले थेट मलेरियाच्या वाटेने,
रक्तक्षयाच्या ओसरीवर टेकले,
बाळाच्या रडण्यात, अपुऱ्या झोपेत शिरून बाहेर आले.
तेम्वाने फळ्यावर लिहिलं 'ऊन',
खाली दोन रेघा.
माझ्या जिभेवर एक आकडा वळवळत होता.
गिळला.

चाळीस मिनिटांनी कुणीतरी हळूच म्हणालं,
हिचं बीपी कुणी पाहिलं का?
मी दुसरं पान सरकवलं.

'रक्तदाब: संध्याकाळी घेतला नाही.
नर्सने पॅनाडोलच्या दोन गोळ्या देऊन घरी पाठवलं.
पहाटे, पहिल्या झटक्यानंतर,
एकशे ऐंशीवर एकशे वीस.'

कसली नर्स ही, म्हणाली तेम्वा.
खडूचा तुकडा तिच्या हातात मोडला.
मी बाहेर बघत राहिले,
अंगणात कुणाची तरी सायकल आडवी पडली होती.

मग लुसुंगू, जो सहसा वहीशीच बोलतो,
म्हणाला, त्या संध्याकाळी ड्यूटीवर किती जणी होत्या?
यंत्राचा पट्टा धड होता का?
बाळंतपणानंतरही हे होतं,
हे तिला कुणी शिकवलं होतं का?

तेम्वा थांबली. मग लिहिलं तिने,
'आपल्याला माहीत नाही' या रकान्यात,
मॅग्नेशियमच्या मात्रेखाली,
सातवा मुद्दा, जरा तिरका.

तिसरं पान पिशवीतच राहिलं.
त्यावर औषध, मात्रा, मोठ्या इस्पितळात पाठवणी,
सगळं बिनचूक, व्हायला हवं होतं तसं.
खरं नाव मात्र कुठल्याच पानावर नाही.
तावोंगा.
आमच्या भाषेत, 'आम्ही आभारी आहोत'.
तिचं बाळ आता अकरा वर्षांचं असेल.
मी तेव्हा तेवीसची होते,
आणि हसून म्हटलं होतं,
उन्हात कमी बसत जा गं.

शुक्रवारी ते वाचून येतील.
आज रात्री वीज आहे.
पुढच्या वर्षीच्या प्रतीत मी एक शब्द घातला,
'नर्स'च्या आधी: 'एकटी'.
बघत बसले त्याच्याकडे.
खरा होता.
पट्टाही फाटकाच होता.

तरी खोडला.
हातचा आपल्याच घरात मांडला
तर बेरीज चुकते.